वाचक विचारतात : नग्नाकृतीचे छायाचित्रण, उजेड आणि चौकट

कलात्मक नग्नछायाचित्रणातील प्रकाशयोजना आणि मांडणी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी दोन सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरे कापड लावलेल्या दिव्याच्या पेट्या) वापरतो. दोन्ही मॉडेलच्या समोर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, ४५ अंशांवर असतात. चित्र स्वच्छ आणि स्पष्ट येते, परंतु शरीर सपाट दिसते, जणू दवाखान्यातील नोंदीसाठी काढलेला फोटो. दोन्ही दिव्यांची शक्ती कमी-जास्त करून पाहिली, तरी फरक पडला नाही. माझे कोठे चुकते?

उत्तर : दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी सारख्या कोनात लावले की डाव्या दिव्याने पाडलेली सावली उजवा पुसून टाकतो आणि उजव्याने पाडलेली डावा. जुनी कागदपत्रे किंवा रंगचित्रे यांची प्रत काढताना मुद्दाम हीच मांडणी करतात, कारण तेथे पृष्ठभागाचा उंचसखलपणा दिसू नये अशीच अपेक्षा असते. आपल्या कामात मात्र तो उंचसखलपणा हाच विषय आहे. कपड्यांतील माणसाचा फोटो पाहताना नजर वस्त्रांच्या चुण्यांवर, रंगांवर, दागिन्यांवर ठरते. विवस्त्र शरीरात यांपैकी काहीच हाताशी राहत नाही. खांद्याचे हाड, बरगड्यांची ओळ, पाठीची पन्हळ आणि कमरेचा उतार एवढीच सामग्री असते, आणि तिचा आकार डोळ्याला कळतो तो उजेड कोठे संपतो यावरून. दिवे लावण्याआधी सावली कोठे हवी ते ठरवावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

तेव्हा एक दिवा बंद करा आणि पुढचा अर्धा तास त्याच्याकडे पाहूसुद्धा नका. मॉडेलला आपल्याकडे पाठ करून स्टुलावर बसायला सांगा आणि उरलेला दिवा ४५ अंशांवरून हळूहळू बाजूला सरकवत न्या. सुरुवातीला पाठ सारखीच उजळ दिसेल आणि कण्याची जागा एका फिकट रेषेवरून ओळखावी लागेल. दिवा बरोबर ९० अंशांवर, म्हणजे शरीराच्या काटकोनात आला की ती पन्हळ सावलीने भरते, दिव्याकडचा खांद्याचा फरा वर उठून दिसू लागतो आणि त्याची सावली कण्याच्या दिशेने पसरते. दिवा आणखी थोडा मागे, ११० अंशांच्या आसपास नेला, तर पाठीचा बहुतेक भाग काळोखात जातो आणि केवळ कडा, फऱ्याची धार, कमरेवरचा एखादा स्नायू एवढेच उजळतात. मॉडेल जागची हललेली नसते, दिव्याची शक्तीही तीच असते, आणि तरी तीन वेगळी शरीरे पाहिल्यासारखे वाटते. शक्ती बदलून आपल्याला फरक दिसला नाही याचे कारण आता लक्षात आले असेल : आकार दिव्याच्या दिशेने घडतो, जोराने नाही.

दिशा ठरल्यानंतर सावलीची कड पाहावी. ती तीक्ष्ण हवी की विरघळत जाणारी, हे दिव्याच्या प्रत्यक्ष आकारावर अवलंबून नसून शरीराच्या जागेवरून तो दिवा किती मोठा दिसतो यावर असते. ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स १ मीटरवर असताना मऊ उजेड देतो. तोच ३ मीटरवर नेला की शरीराच्या दृष्टीने त्याची लांबी-रुंदी एक तृतीयांश होते आणि सावलीची कड घट्ट होऊ लागते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, आणि दुपारची सावली किती करकरीत असते ते आपण रोज पाहतो.

बहुतेकजण विसरतात ती गोष्ट म्हणजे खोलीच्या भिंती. दुसरा दिवा बंद केला तरी पांढऱ्या भिंती आणि पांढरे छत उजेड परत फेकत राहतात आणि सावली पुन्हा राखाडी होते. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, एक मोठा काळा बोर्ड उभा करून पाहा. बोर्ड शरीरापासून ४० सेंटिमीटरवर आणला की मांडीची किंवा दंडाची बाहेरची कड गडद होते आणि त्या अवयवाला अचानक वजन येते. माझ्याकडे पैसे कमी होते तेव्हा दिव्यांपेक्षा मी काळे पुठ्ठेच जास्त जमवले होते. खरे सांगायचे तर त्याआधीच्या वर्षभरातील माझ्या बहुतेक निगेटिव्ह टाकाऊ होत्या, कारण काळोखात काहीतरी हरवेल या धास्तीने मी प्रत्येक कोपऱ्यात रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत फेकणारा फलक, लावत असे.

हा सराव करायला प्रत्येक वेळी मॉडेल हवीच असे नाही. काळ्या कापडावर एक अंडे ठेवा आणि टेबलावरचा एकच दिवा त्याच्याभोवती फिरवा. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचे १९३० मधील ढोबळ्या मिरचीचे प्रसिद्ध चित्र पाहिले तर त्यात वळलेली पाठ आणि आवळलेले खांदे दिसू लागतात. ती मिरची त्याने पत्र्याच्या नसराळ्यात ठेवली होती. नसराळ्याच्या आतल्या चकचकीत बाजूमुळे तिच्या कडांना परावर्तित उजेड मिळाला आणि मागची जागा गडद राहिली. नग्नाकृतीची सारी प्रकाशयोजना त्या हातभर जागेत पाहायला मिळते.

प्रश्न : माझ्याकडे फ्लॅश नाही. खोली लहान आहे आणि एकच खिडकी आहे. पार्श्वभूमी काळी करण्यासाठी काळा पडदा घ्यावा लागेल का? पहुडलेल्या आकृतीसाठी एवढी खिडकी पुरते का?

उत्तर : पुरते. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ती खिडकी म्हणजे उत्तम सॉफ्टबॉक्स आहे, फक्त तो हलवता येत नाही. म्हणून दिव्याऐवजी शरीर आणि कॅमेरा फिरवावा लागतो. खिडकी मॉडेलच्या एका बाजूला येऊ द्या. आपण स्वतः खिडकीकडे पाठ करून फोटो काढला, तर वर सांगितलेल्या सपाटपणाचाच अनुभव येईल.

पडद्याचे काम अंतराकडून करून घेता येते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड पाव राहतो, छायाचित्रकाराच्या भाषेत २ स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे). दिवा मॉडेलपासून १ मीटरवर असेल आणि मागची भिंत दिव्यापासून ४ मीटरवर असेल, तर भिंतीवर सोळावा हिस्सा पोहोचतो. हा ४ स्टॉपचा फरक आहे, आणि फिकट भिंतसुद्धा गडद राखाडी दिसू लागते. खिडकी मोठी असल्यामुळे जवळच्या अंतरात हा नियम तंतोतंत लागू पडत नाही आणि उतार थोडा सौम्य होतो, परंतु खिडकीच्या पडद्याने अर्धी बाजू झाकली की तो पुन्हा तीव्र होतो.

पहुडलेल्या आकृतीत याच उताराचा फार सुंदर उपयोग होतो. दिवा डोक्याच्या बाजूला १ मीटरवर असेल, तर पावले त्याच्यापासून अडीच मीटरवर येतात. तेथे उजेड सहापटीहून कमी असतो, त्यामुळे खांदे उजळ, कंबर मध्यम आणि पावले जवळजवळ काळोखात, अशी लय आपोआप मिळते. सबंध शरीर सारखे उजळ हवे असेल, तर दिवा लांब न्यावा किंवा शरीराच्या लांबीला समांतर ठेवावा. मला स्वतःला पावले काळोखात गेलेली आवडतात.

प्रश्न : माझ्या मॉडेलची त्वचा गडद सावळी आहे. काळ्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याचे मीटर, म्हणजे प्रकाशमापक, जे सांगते ते केले, तर त्वचा फिकट आणि मळकट येते. हाताने एक्स्पोजर कमी केले की सगळेच बुडते.

उत्तर : कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजते आणि समोर जे आहे ते सुमारे १८ टक्के उजेड परावर्तित करणारे मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. गडद त्वचा आणि काळे कापड एकत्र दिसले की ते बिचारे समजते की उजेड अपुरा आहे, आणि दोन्हींना ओढून राखाडीपर्यंत आणते. शक्य असेल तर हातातील मीटरने शरीरावर पडणारा उजेड मोजावा. त्याला त्वचेच्या रंगाशी कर्तव्य नसते. असे मीटर नसेल तर मॉडेलच्या जागी राखाडी कार्ड धरून वाचन घ्यावे आणि नंतर कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून त्याला हात लावू नये.

आता दुसरा भाग, आणि तो अधिक रंजक आहे. फिकट त्वचेवर आकार मुख्यतः सावलीने घडतो, तर गडद त्वचेवर त्यातले निम्मे काम चकाकी करते. त्वचा उजेडाचा एक भाग आरशासारखा सरळ परतवते, आणि त्वचा जितकी गडद तितका तो भाग भोवतालच्या मानाने ठळक उठून दिसतो. आपण बहुधा दिवा समोर ठेवून एक्स्पोजर कमी केलेत, त्यामुळे ही चकाकी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही. दिवा बाजूला आणि थोडा मागे न्या, म्हणजे त्याचे प्रतिबिंब त्वचेवरून घसरत कॅमेऱ्याकडे येईल. दिवा मोठा घ्या. लहान दिव्याची चकाकी खांद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखी बसते, तर लांबट स्ट्रिप सॉफ्टबॉक्सची चकाकी दंडावरून मनगटापर्यंत एका सलग पट्ट्यासारखी उतरते आणि तो पट्टाच हाताचे रेखाटन होतो. दिवा आणि मॉडेल स्थिर ठेवून कॅमेरा वीतभर बाजूला सरकवलात, तर सावल्या जागच्या जागी राहतात आणि चकाकी मात्र शरीरावरून चालू लागते. तेव्हा कॅमेऱ्याची जागा शोधणे हासुद्धा येथे प्रकाशयोजनेचाच भाग आहे. किंचित तेल लावल्याने चकाकी वाढते. पण तळहातावर मावेल त्याहून कमी तेल घ्यावे, अन्यथा शरीर ओले दिसते आणि चित्राचा अर्थच बदलतो.

प्रश्न : मांडणीचे नियम सांगावेत. चेहरा घ्यावा की कापावा? हातपाय कोठे कापले तर चालतात? माझ्या चित्रांत गुडघे आणि हात नेहमी मोठे दिसतात. लेन्स बदलावी का?

उत्तर : शेवटापासून सुरुवात करतो, कारण तो प्रश्न हिशेबाचा आहे. गुडघा मोठा दिसतो तो लेन्समुळे नाही, आपण फार जवळ उभे राहता त्यामुळे. समजा मॉडेल गुडघे पुढे घेऊन बसली आहे आणि तिचा गुडघा चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याला अर्धा मीटर जवळ आहे. कॅमेरा गुडघ्यापासून १ मीटरवर असेल तर चेहरा दीड मीटरवर, म्हणजे गुडघा प्रमाणापेक्षा दीडपट मोठा दिसणार. तोच कॅमेरा मागे, गुडघ्यापासून ४ मीटरवर नेला तर अंतरे ४ आणि साडेचार मीटर होतात आणि फरक आठव्या भागाएवढाच उरतो. मागे गेल्यावर फ्रेम भरण्यासाठी ८५ किंवा १०५ मिलिमीटरची लेन्स लागते, एवढाच लेन्सचा संबंध.

हा दोष आहे की साधन, हे मात्र आपण ठरवायचे. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट याने १९४० च्या दशकात एक जुना लाकडी कॅमेरा विकत घेतला. पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करण्यासाठी तसे कॅमेरे वापरत, आणि त्याची लेन्स इतका विस्तृत कोन टिपणारी होती की खोलीच्या चारही भिंती आत याव्यात. ब्रँटने त्याच्यासमोर विवस्त्र शरीरे अगदी जवळ आणली. पुढे केलेला हात खोलीपेक्षा मोठा झाला, आणि नंतरच्या समुद्रकिनाऱ्यावरील चित्रांत कान आणि कोपर गोट्यांच्या शेजारी खडकांसारखे पडून राहिले. ते चुकीसारखे वाटत नाही, कारण ताण शेवटपर्यंत नेलेला आहे. थोडासा मोठा गुडघा चूक वाटतो, प्रचंड मोठा गुडघा निर्णय वाटतो.

कापण्याविषयी सर्वत्र सांगितले जाते की सांध्यावर कापू नये, आणि ते बरोबर आहे. मनगट, कोपर, गुडघा किंवा घोटा बरोबर चौकटीच्या कडेवर आला की अवयव तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापला तर तो चौकटीबाहेर चालू आहे असे डोळा मानून घेतो. बोटांची टोके तेवढी कापणे सर्वांत वाईट. पण त्याहून उपयोगी सवय निराळी आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये शरीराकडे पाहणे काही क्षण थांबवा आणि शरीराभोवतीच्या रिकाम्या जागा पाहा. कमरेवर हात ठेवला की हात आणि धड यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. हात अंगाला चिकटला तर तो त्रिकोण बुजतो, धड आणि हात यांचा एकच गठ्ठा होतो आणि बारीक बांध्याची मॉडेलसुद्धा स्थूल दिसते. कोपर दोन इंच मागे घ्यायला सांगा, त्रिकोण उघडेल. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांचे १९२८ मधील त्रिकोण या नावाचे चित्र या दृष्टीने जरूर पाहावे. त्यात अख्खे शरीर नाही, चेहरा नाही. घडी घातलेल्या देहाचा थोडासा भाग आहे आणि उजेड-सावलीने कापलेले कोन आहेत.

चेहऱ्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडवे आहे. चेहरा चौकटीत असला आणि त्यातही डोळे कॅमेऱ्याकडे असले की ते त्या व्यक्तीचे चित्र होते, मग शरीराची रेषा कितीही सुंदर असो. तसे हवे असेल तर जरूर घ्यावे. आकृती हवी असेल तर चेहरा वळवावा, झुकवावा, केसांत किंवा सावलीत जाऊ द्यावा. हनुवटीखाली कात्री चालवून डोके उडवणे मात्र मला पटत नाही. मान संपते तेथे चौकट संपली की माणूस वस्तू होतो. वेस्टनच्या १९३६ मधील नग्नचित्रात त्याची मॉडेल चॅरिस विल्सन दारात, उन्हात बसली आहे. गुडघे वर घेतलेले, हात पायांभोवती गुंफलेले आणि चेहरा खाली लपलेला, त्यामुळे सगळे शरीर एका बंद लंबगोलात मावते. चेहरा दिसत नाही, पण तो कापलेलाही नाही. या चित्राबद्दल तिने पुढे लिहिले आहे की उजव्या हातावरची सावली वेस्टनला कायम खटकत असे, आणि तिला स्वतःला आपला वाकडा भांग आणि केसांतले आकडे. जगभर गाजलेल्या चित्राकडेही त्यातली दोन माणसे अशी पाहत होती, हे आपल्यासारख्यांना धीर देणारे आहे.

कॅमेऱ्याची उंची विसरू नये. उभ्या आकृतीसाठी तो डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की पाय आखूड होतात. कमरेच्या उंचीवर आणा, प्रमाण सुधारते.

प्रश्न : रंगीत काढावे की कृष्णधवल?

उत्तर : सुरुवातीला कृष्णधवल. रंगीत चित्रात गुडघ्यांचा, कोपरांचा, टाचांचा तांबूसपणा आणि त्वचेच्या छटांतील फरक लक्ष वेधून घेतात आणि सावलीचा विचार मागे पडतो. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, स्वरूपात ठेवा, कॅमेऱ्याचा पडदा मात्र कृष्णधवल करा, म्हणजे काढतानाच उजेड दिसू लागेल.

प्रश्न : कंबरेवर आणि पाठीवर कपड्यांचे वळ दिसतात. संगणकावर काढायला तासन् तास जातात. तसेच मॉडेलला नेमकी मुद्रा समजावून सांगणे मला अवघड वाटते. काय करावे?

उत्तर : वळ संगणकावर काढण्यापेक्षा उमटूच न देणे सोपे आहे. इलॅस्टिकचे, घड्याळाचे, मोज्यांचे वळ जायला अर्धा ते एक तास लागतो आणि घट्ट कपड्यांचे त्याहूनही अधिक. सैल कपड्यांत यायला मॉडेलला आदल्या दिवशीच सांगावे, आल्यावर सैल झगा द्यावा, आणि तेवढ्या वेळात आपण दिवे लावून घ्यावेत. तिरप्या उजेडात हे वळ दुप्पट ठळक दिसतात, म्हणून ही काळजी या कामात अधिक घ्यावी लागते. खोली गरम ठेवा. कपडे घातलेल्या छायाचित्रकाराला जी खोली सुखकर वाटते ती विवस्त्र माणसाला थंड असते. अंगावर काटा येतो, आणि तोही तिरप्या उजेडात प्रत्येक बिंदूच्या सावलीसकट उमटतो. आपल्याला थोडा घाम येत असेल तर तापमान बरोबर आहे असे समजावे.

मुद्रेसाठी मॉडेलला हात लावू नये, विचारूनही शक्यतो नाही. स्वतः ती मुद्रा करून दाखवावी; आपण हास्यास्पद दिसतो, आणि त्याने खोलीतला ताणही कमी होतो. डावे-उजवे नेहमी मॉडेलचे सांगावे. खांदे वर चढलेले असतील तर श्वास सोडायला सांगावे आणि श्वास संपता संपता शटर दाबावे, कारण त्या क्षणी मान लांब होते आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. एकेका मुद्रेत दोन-तीन मिनिटांहून अधिक ठेवू नये, मध्ये झगा द्यावा.

मॉडेल सज्ञान असल्याची खात्री आणि लेखी संमती या गोष्टी दिवे लावण्याच्या आधीच्या आहेत. संमतीपत्रात चित्रे कोठे वापरली जातील, चेहरा ओळखू येईल की नाही, आणि प्रदर्शन, छपाई व समाजमाध्यमे यांपैकी कशाला होकार आहे, हे वेगवेगळे लिहावे. एका होकारात सर्व काही गृहीत धरू नये. काढलेली चित्रे त्याच दिवशी मॉडेलला दाखवावीत. ज्या चित्राला ती नको म्हणेल ते तिच्यासमोरच पुसावे, त्यातली सावली कितीही अचूक पडलेली असली तरी.